हाकेसरशी

तळं आटायला लागलं की त्या वस्तीत दोन तऱ्हेची माणसं दिसत. काही आभाळाकडे बघून उसासे टाकत, आणि काही फावडी घेऊन पाण्याच्या मागोमाग चालू लागत. सुनेचं घर दुसऱ्या तऱ्हेतलं. पाणी मागे सरलं की काळा गाळ उघडा पडे, आणि जो आधी काठ्या रोवील त्याचा तो तुकडा. त्याला कागद नाही की शिक्का नाही. तुमचे पाय त्या गाळात आहेत तोवरच तो तुमचा. एखादा दिवस घरी बसलात की शेजाऱ्याच्या काठ्यांना पाय फुटत. मग भांडायला गेलं तर शेजारी डोळे मोठे करून म्हणे, "अहो, काल इथे कुणीच नव्हतं. मला वाटलं, तुम्ही सोडलंत."

यंदा पाऊस कसाबसा तोंड दाखवून गेला होता. वरच्या शेतातलं सगळं करपलं, त्यामुळे वर्षाची भिस्त या गाळातल्या काकडीवर आणि टरबुजांवर होती. सून आणि तिचा नवरा उजाडायच्या आत खाली उतरत. गाळात खणलेल्या खड्ड्यातून घागर भरायची, वेलाच्या बुंध्याशी ओतायची, परत भरायची. ऊन चढलं की वेल माना टाकत, म्हणून दुपारीही तेच. घागर टेकून टेकून सुनेच्या कमरेला एका बाजूला घट्टा पडला होता. कूस बदलताना तिच्या तोंडून असा काही आवाज निघे की नवरा विचारी, "मेलीस काय?" ती म्हणे, "अजून नाही. काकडी निघू दे, मग बघू."

कामाला दोघंही कच्ची नव्हती. त्यांचं निभलं असतं. प्रश्न होता तो आबांचा.

आबा म्हणजे नवऱ्याचे वडील. जन्मभर त्यांनी मेंढ्या राखल्या. मग एका संध्याकाळी ते सगळा कळप घेऊन भलत्याच गावात, भलत्याच अंगणात शिरले आणि तिथल्या बाईला म्हणाले, "पाणी आण." बाई भली होती. तिने पाणी दिलं आणि निरोप धाडला. लोक हसले, नवराही हसला. पुढे पुढे मात्र हसण्यासारखं काही उरलं नाही. मेंढ्या विकून टाकाव्या लागल्या. आबा आता सुनेला ताई म्हणत. ताई ही त्यांची थोरली बहीण, तिला जाऊन जमाना लोटला होता. मुलाला ते काहीच म्हणत नसत. तो जवळ आला की अंग चोरून बसत. नवऱ्याच्या हे जिव्हारी लागे. बोलून दाखवायचा त्याचा स्वभाव नव्हता, पण जेवून उठताना तो ताट जरा आपटूनच ठेवी.

डोकं गेलं तरी आबांचे पाय मात्र शाबूत होते, आणि खरी पंचाईत हीच होती. सून आणि नवरा तळ्यात उतरले की आबा उठत आणि निघत. एकदा पंपवाला त्यांना हाताला धरून घेऊन आला. तळ्यातलं उरलंसुरलं पाणी शहराकडे खेचणारा पंप होता, त्यावर हा माणूस बसे. आबांच्या मांड्यांपर्यंत गाळ माखलेला होता आणि एका पायातली चप्पल गेली होती.

"पलीकडच्या अंगाला गेले होते," पंपवाला म्हणाला. "मी फळी टाकली म्हणून निघाले. तिकडे वरून टणक दिसतं, पण आत नुसतं लोणी आहे. माणूसच काय, म्हैस गिळेल ते. सांभाळा जरा बापाला."

"सांभाळू म्हणजे काय करू? डोक्यावर घेऊन फिरू?"

"माझ्यावर कशाला डाफरता? मी आणून दिलं, एवढंच."

पंपवाला गेला. मग नवऱ्याने खुंटीवरचं कोकरांचं दावं काढलं आणि आबांचा पाय खाटेच्या खुराला बांधला. सून भांडी घासत होती. तिचा हात थांबला.

"बघतेस काय अशी?" नवरा म्हणाला. "मला काय हौस आहे? एकाने घरी राहायचं तर राहा तू. मग घागरी कोण आणणार?"

ती परत भांडी घासू लागली. दुसऱ्या दिवशी दुपारी ती वर आली तर खाट रिकामी आणि दावं नीट गुंडाळून उशाशी ठेवलेलं. आबांना मुलगा आठवत नव्हता, पण गाठ सोडायला बोटं चुकत नव्हती. नवऱ्याने गाठी बदलून पाहिल्या. शेवटी त्याने तार आणली.

तार सुटत नव्हती. आबा दिवसभर तिच्याशी झटत. घोट्याची कातडी सोलून निघाली. उठून जाता येत नाही म्हणून खाटेवरच सगळं होऊ लागलं. संध्याकाळी सून कमरेची ठणक घेऊन वर यायची आणि आधी आबांना धुवायची. आबा लाजून दोन्ही हात पुढे धरत आणि म्हणत, "ताई, तू जा. मी करतो." शेजारच्या तुकड्यावरची काकू एकदा चाळण मागायला आली आणि हे बघून तशीच दारातून परत फिरली. चाळण न घेताच गेली, म्हणजे आता सगळ्या तळ्यावर बोभाटा होणार, हे सुनेला कळलं. तिला शरम वाटली, आणि शरमेपेक्षाही जास्त राग आला, पण कुणावर काढावा हे कळेना.

कळपाबरोबरचं एकच जनावर घरात उरलं होतं. भुंग्या नावाचा काळा कुत्रा. म्हातारा कुत्रा विकत कोण घेणार? संध्याकाळी तार सोडली की आबा आधी भुंग्याकडे बघत. भुंग्या उठून कुंपणापाशी गेला की आबा उठत आणि त्याच्या मागे जाऊन उभे राहत. तो परत आला की आबा परत. तो बसला की तेही बसत. सुनेने हे किती तरी वेळा बघितलं होतं, पण लक्षात एका दिवशी आलं. "आबा" म्हणून हाक मारली तर ते मान वळवत नसत, जणू दुसऱ्याच कुणाचं नाव. पण जन्मभर जनावरामागे चालायची सवय पायांतून गेली नव्हती. म्हणजे आबांना बोलवायचं तर भुंग्याला बोलवायला हवं.

तिने नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "ऊन लागलंय तुला."

"करून तर बघते. तार आहेच की, ती कुठे पळतेय?"

पण भुंग्याला हाकेवर यायची सवयच नव्हती. आबा त्याला तोंडात दोन बोटं घालून शीळ मारत, आणि दात पडल्यापासून ती शीळ गेली. सुनेच्या तोंडचा एकच शब्द त्याला ठाऊक होता. चुलीजवळ फिरकला की हाड, भांड्याला तोंड लावलं की हाड, आणि सोबत केरसुणी. ती अंगणात उकिडवी बसून म्हणाली, "भुंग्या, ये!" तर तो शेपूट पायांत घालून खाटेखाली गेला आणि तिथून फक्त डोळे दाखवू लागला. तो दिवस तसाच गेला.

मग तिने सुकी मासळी काढली. तळं भरलेलं असताना वाळवून ठेवलेल्या मासळीची मुंडकी आणि शेपटं डब्यात होती. तिने ती फडक्यात बांधून कमरेला खोचली. "भुंग्याऽऽ, ये," म्हणायचं आणि मुंडकं पुढे टाकायचं. आधी लांब टाकायचं, मग जरा जवळ, मग पायाशी, मग हातावर. पहिल्यांदा त्याने तिच्या तळहातावरून उचललं तेव्हा ओलं नाक बोटांना लागलं आणि तीच दचकली. कुत्र्याशी गोड बोलायचं म्हणजे तिला सुरुवातीला कसंतरीच वाटे. आवाज बारीक करावा लागे. नवरा दारात बसून ऐकत होता.

"मला कधी एवढ्या लाडाने हाक मारली नाहीस."

"तुम्ही हाक न मारताच येता की जेवायला," ती म्हणाली. नवरा हसला. बऱ्याच दिवसांनी हसला.

एकदा भुंग्या हाकेवर धावत आला आणि येताना पाण्याच्या घागरीला धडकला. सगळं पाणी सांडलं. ते पाणी घेऊन ती सगळा चढ चढून आली होती. तिने रागाच्या भरात त्याच्या पेकाटात लाथ घातली. त्यानंतर पुन्हा पहिले पाढे. कितीही बोलवा, हा आपला खाटेखाली. परत लांबून मुंडकी टाकत टाकत त्याला आणावं लागलं. तेव्हापासून तिने खूणगाठ बांधली की हाकेवर आला तर त्याने काहीही केलेलं असो, त्याच्यावर हात उचलायचा नाही. पोटच्या पोरासाठी केली नसती एवढी कळ तिने त्या कुत्र्यासाठी सोसली. पोर नव्हतंच म्हणा तिला.

अंगणात जमलं, मग कुंपणापासून जमलं, मग बांधावरून. शेवटी एका सकाळी तिने स्वतःच पक्कड घेतली आणि आबांच्या पायातली तार काढली. नवरा घागर घेऊन पुढे उतरला. खाली तुकड्यात काम करताना दर थोड्या वेळाने ती वर बघत होती. ऊन डोक्यावर आल्यावर आबा आणि भुंग्या काठाकाठाने निघालेले तिला दिसले. तिने घागर खाली ठेवली, दोन्ही हात तोंडाशी धरले आणि ओरडली, "भुंग्याऽऽ, येऽऽ!"

भुंग्या थांबला. वळला. दोन पावलं टाकून त्याने मागे पाहिलं. आबाही वळले होते. तो रमतगमत, वास घेत, मागे बघत उतरू लागला आणि मागून आबा, पाठीवर हात बांधून, कळप घरी आणावा तसे. तुकड्यात पोचल्यावर भुंग्याला मुंडकं मिळालं. आबांनीही हात पुढे केला. सुनेने एक कोवळी काकडी तोडून त्यांच्या हातावर ठेवली. ते वेलाच्या कडेला बसून हिरड्यांनी ती कुरतडत राहिले. सुनेला रडू आलं. तिने ते तोंडावर पाणी मारून लपवलं.

काकू तिकडून ओरडली, "काय गं, कुत्र्याला शिकवलंस का सासऱ्याला?"

"दोघांना! तुझ्या नवऱ्यालाही पाठव, शिकवून देते!"

तळ्यात हशा पिकला. घोट्याची जखम भरत आली. त्या दिवसांत घरात माणसांसारखं वाटत होतं. आबांचे कपडे कोरडे असत. नवरा एकदा त्यांच्याशेजारी बसला आणि दोघांनी मिळून एक टरबूज संपवलं.

मग काकडीचा बहर आला. वेल एका दिवसात एवढं देऊ लागले की तोडायला हात पुरेनात. टेम्पोवाला रोज येऊन हॉर्न वाजवी आणि थांबायला तयार नसे. पोती भरायची, शिवायची, डोक्यावरून रस्त्यापर्यंत न्यायची, आणि पाणी तर चुकत नव्हतंच. अशात भुंग्याला हाक मारून तो वास घेत, मागे बघत, रमतगमत येईपर्यंत उभं राहणं परवडेना.

"किती वेळ उभी राहणार आहेस?" नवरा खेकसला. "तिकडे वेल वाळतायत."

ती काय करणार? तिने रीत बदलली. हाकेसरशी आला तर अख्खं मुंडकं. रेंगाळत आला तर नुसतं शेपूट. फारच उशीर केला तर काहीच नाही, आणि पाठ फिरवून कामाला लागायचं. भुंग्या म्हातारा होता, मूर्ख नव्हता. त्याला हिशेब चटकन कळला. आधी मागे बघणं कमी झालं, मग वास घेणं, आणि पुढे पुढे तर हाक कानावर पडायचा अवकाश, तो धूळ उडवत, कान मागे टाकून असा सुटे की बघणारे हातातलं काम थांबवत. येऊन तिच्या पायाशी बसे आणि तोंडाकडे बघे.

"माझा पोरगा येत नाही हो असा," टेम्पोवाला म्हणाला.

सुनेला अभिमान वाटला, का वाटू नये? त्या वर्षात तिच्या हातून सरळ झालेली ही एकच गोष्ट होती. भुंग्याला मुंडकं टाकून ती लगेच घागर उचलायची. दोन खेपा करून यायची तेव्हा आबा वेलाशी येऊन उभे असायचे. कधी तीन खेपा व्हायच्या. एकदा ते आलेच नाहीत. जाऊन बघितलं तर वाटेत एका दगडावर बसलेले, समोर बघत. तिने हाताला धरून आणलं आणि तो दिवस ती विसरून गेली. पोती भरायची होती.

मग एका दिवशी टेम्पो दुपारीच आला. वारा सुटला होता आणि सुकलेल्या गाळाची धूळ डोळ्यांत जात होती. अर्धी पोती अजून उघडी होती. नवरा आणि टेम्पोवाला भरत होते, सून दाभणाने तोंडं शिवत होती. काकूसुद्धा हात लावायला आली होती. एका पोत्याचं तोंड शिवून झाल्यावर सुनेने सवयीने वर पाहिलं. खाट रिकामी. काठावर कुणी नाही. तिने डोळ्यांवर हात धरून तळ्याभर नजर फिरवली.

पंपाच्याही पलीकडे, जिथे गाळ वरून पांढुरका झाला होता, तिथे भुंग्या दिसला. काळा असल्यामुळे लांबूनही ओळखू आला. त्याच्याजवळ आबा होते. बसलेले दिसत होते. भुंग्याच्या मानेभोवती त्यांनी हात टाकला होता आणि भुंग्या चारी पाय ताणून, मान खाली घालून, जागच्या जागी उभा होता.

तिने हात तोंडाशी धरले आणि जीव खाऊन हाक मारली, "भुंग्याऽऽ, येऽऽ!"

भुंग्याने मान वर केली. एक हिसका दिला. आबांचा हात त्याच्या पाठीवरून घसरला आणि शेपटीपाशी अडकला. त्याने दुसरा हिसका दिला आणि सुटला. पोट जमिनीला लावून थोडा सरपटला, मग टणक जागेवर आला आणि धावू लागला. आबांचा हात पुढे तसाच ताणलेला राहिला. मग ते पुढे वाकले, कुत्रा जिथे होता तिथे, आणि वाकलेलेच राहिले.

तेव्हा तिला दिसलं की ते बसलेले नव्हते. कमरेच्या खाली आबा नव्हतेच.

"जा!" ती किंचाळली. "मागे जा! भुंग्या, जा, आबांकडे जा!"

पण आवाज तिचाच होता, आणि नावही त्याचंच. तिचा आवाज ऐकून भुंग्या आणखी जोरात आला. जा म्हणजे काय ते त्याला कुणी शिकवलं नव्हतं. ती धावत सुटली. भुंग्या समोरून येऊन तिला भिडला, तिच्या पायांत बसला, आणि ती त्याच्यावरून उलथून पडली. उठली तर तो परत समोर, बसलेला, तोंड वर करून. तोवर नवरा तिला ओलांडून पुढे गेला होता. टेम्पोवाल्याने टेम्पोची मागची फळीच उपसून घेतली होती. पंपवालाही त्याची फळी घेऊन तिकडून पळत येताना दिसला.

फळ्या टाकून, पोटावर सरपटत, त्यांनी आबांना बाहेर काढलं. वेळ फार गेला. गाळ सोडायला तयार नव्हता. आबांना काठावर आणून निजवलं तेव्हा तो माणूस आहे हे नुसत्या आकारावरून कळत होतं. नवऱ्याने बोट घालून त्यांच्या तोंडातला गाळ काढला. नाकातला काढला. परत तोंडातला काढला. आत अजून होताच. "आबा," तो म्हणत होता, "आबा, थुंका. थुंका ना." पंपवाल्याने छातीवर कान ठेवला आणि मग नवऱ्याचा हात हळूच धरून बाजूला केला.

घागरीतल्या पाण्याने सुनेने त्यांचं तोंड धुतलं. वेलांसाठी आणलेलं पाणी होतं. डोळ्यांच्या कडा, कान, मानेच्या सुरकुत्या, सगळं तिने बोटांनी पुसून काढलं. या खेपेला त्यांनी तिला जा म्हटलं नाही.

माणसं जमली. भुंग्या गाळाने माखलेला, पोटापर्यंत ओला, सुनेच्या मागे मागे होता. काकू डोळे पुसत म्हणाली, "मुकं जनावर, पण बघा. धावत सांगायला आलं."

"लाखात एक कुत्रा," टेम्पोवाला म्हणाला. "मी डोळ्यांनी बघितलं. आत अडकला होता तोही. हिसके मारून सुटला आणि सरळ इकडे आला."

"मी हाक मारली म्हणून आला," सून म्हणाली.

टेम्पोवाला भुंग्याच्या पाठीवरचा गाळ निपटत राहिला. तिला वाटलं, ऐकू गेलं नसेल. ती नवऱ्याकडे वळली. "अहो, मी हाक मारली होती. आबांनी त्याला धरलं होतं. त्याच्या आधाराने ते वर राहिले होते. मी जर..."

नवऱ्याने तिच्याकडे पाहिलं. त्याच्या तोंडावर गाळ वाळत चालला होता आणि त्यातून पाण्याचे ओघळ उतरत होते.

"तू शिकवलंस म्हणून निदान कळलं तरी," तो म्हणाला. "नाहीतर आपण संध्याकाळपर्यंत काकड्याच भरत बसलो असतो. गाळातून ते सापडलेही नसते. तू केलंस तेवढं पोटची मुलगी करत नाही."

लग्न झाल्यापासून तो तिच्याशी असं कधी बोलला नव्हता. सांगावं तर तो आज ऐकेल, समजेल, आणि मग जन्मभर तिच्याकडे बघताना त्याला तेच दिसेल. न सांगावं तर ते तिला एकटीला दिसत राहील. तिने तोंड उघडलं आणि मिटलं.

"त्याला काहीतरी घाल," नवरा भुंग्याकडे बघून म्हणाला. त्याचा आवाज फुटला. "बिचारा सांगायला आला. त्याला उपाशी ठेवू नकोस."

सगळे तिच्याकडे बघत होते. तिने कमरेचं फडकं सोडलं. हाकेसरशी आला होता, म्हणून अख्खं मुंडकं काढलं आणि तळहातावर धरलं. भुंग्याने ते अलगद उचललं, खाल्लं, आणि परत तिच्या तोंडाकडे बघत बसला.